संध्याकाळ झाली की अण्णा हात उगारतात, चूक माझीच का?

कोल्हापूर परिसरातल्या वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा प्रश्न बहुधा एकाच वळणाचा असतो: 'मला हे जमंना झालंय, काम सोडू का?' त्यातल्याच एका ताईंची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई करवीर तालुक्यातल्या. आधी शेतमजुरी, मग धुणीभांडी, मग ओळखीनं वृद्धाश्रमात लागल्या. शिकवणी म्हणाल तर जुन्या मावशींनी डायपर कसं बदलायचं ते एकदा दाखवलं, तेवढीच.

"मॅडम, दिवसभर अण्णा देवमाणूस. सांज झाली की गेटकडं निघतात. आडवलं की हात उगारतात, काय वाटेल त्या शिव्या देतात. परवा मनगट पिरगाळलं. मग मी पण वराडलो त्यांच्यावर. माझ्यातच माया नाही बघा."

माया होती. नसती तर ओरडल्याची एवढी बोच लागली नसती. नव्हती ती माहिती. अण्णांच्या फाइलवर स्मृतिभ्रंश लिहिलेलं होतं, पण ती फाइल ऑफिसच्या कपाटात.

मी विचारलं, "अण्णा पूर्वी काय करायचे?"

"म्हशी होत्या की. दूध घालायचे."

"आणि धार कितीला काढायचे?"

ताई थांबल्या. "पहाटं... आणि सांजच्याला पाचला."

अण्णा पळून जात नव्हते, कामाला निघाले होते. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी अस्वस्थता वाढणं नेहमीचंच आहे. अंग थकलेलं असतं, उजेड कमी होतो, त्यात पाळी बदलायची गडबड. अशात कुणीतरी समोर आडवं उभं राहून सांगतं, "म्हशी कवाच विकल्या, अण्णा." आपण हे रोज सांगतो, त्यांना मात्र ते दर वेळी पहिल्यांदाच कळतं. दावणीच्या म्हशी गेल्या हे रोज नव्यानं ऐकणारा माणूस चिडणार नाही तर काय करेल?

'म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण' हे वाक्य वृद्धाश्रमांत फार चालतं. मला ते मुळीच पटत नाही. त्यातूनच "शाणं बाळ ना, गप बसा" हा सूर येतो. गोठा, पेंडीवाल्याची उधारी आणि गिऱ्हाइकं आयुष्यभर सांभाळलेल्या माणसाला तो सूर कळतो, आजारातही कळतो.

आधी एक खात्री करून घेतली: हे हळूहळू वाढलंय की अचानक? एक-दोन दिवसांत माणूस एकदम भ्रमिष्टासारखा वागायला लागला किंवा एकदम सुस्तावला, तर ते 'वयामुळं' म्हणून सोडायचं नसतं. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, दुखणं, नवीन गोळी, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. अण्णांचं मात्र कित्येक महिने तसंच चाललं होतं.

मग खोलीतच मी अण्णा झाले. ताई सवयीनं समोर आल्या आणि माझं मनगट धरलं. मी हात झटकला तशा त्या दचकल्या. "आता बाजूनं या. धरू नका, नुसतं बरोबर चाला." दोन-चारदा केल्यावर आवाज आपोआप खाली आला. "अण्णा, चला, मी पण येतो. कुठली म्हैस जास्त दूध द्यायची?" यात खोटं काहीच नाही, वादही नाही. अशी तालीम झाली की पुढच्या प्रसंगी हातपाय गळत नाहीत. नुसत्या 'धीर धरा'नं ते होत नाही.

बाकी ठरलं ते साधं. पाचच्या आधी चहा, व्हरांड्यातले दिवे लवकर लावायचे, कंपाउंडच्या आतून एक फेरी, परत आल्यावर बादली-चरवी पुसायला द्यायची. अण्णा अजूनही गेटकडं जातात. एखाद्या संध्याकाळी शिव्याही देतात. पण ताई आता त्या स्वतःच्या अंगाला लावून घेत नाहीत, आणि मनगटाचा प्रकार पुन्हा झाला नाही.

एक गोष्ट समुपदेशनानं सुटणारी नव्हती. रात्री अख्ख्या मजल्याला एकच बाई. सेवाभाव असला की सगळं निभतं, असं व्यवस्थापक म्हणाले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की थकलेली बाई ओरडते त्यात तिचा स्वभाव कमी आणि तुमचं वेळापत्रक जास्त असतं. फाइलमधली माहिती पाळीवरच्या बायकांना सांगायची, एवढं त्यांनी मान्य केलं. दुसरी बाई अजून नेमलेली नाही. मध्यरात्री फारच जीव घाबरला तर बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ताईंना दिलाय; तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

पुढच्या खेपेला ताई आल्या त्या अण्णांचा विषय घेऊन नाही. एका आजींना पाणी पिताना ठसका लागतो, जेवणानंतर आवाज घोगरा येतो, हे त्यांनी वहीत टिपून आणलं होतं. "हे डॉक्टरास्नी सांगायचं ना?" सांगायचंच, आणि लगेच. गिळताना अन्नपाणी श्वासनलिकेत जात असेल तर न्यूमोनिया होऊ शकतो. तोवर ताठ बसवून, लहान घास, सावकाश. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

"ते मी कालपासनंच चालू केलंय," ताई म्हणाल्या.