इंग्रजी वाक्यातील क्रियापद ओळखताना

तुम्ही नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून आधी एक सवय बाजूला ठेवा. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, आणि तेथेच ते शोधण्याची आपली सवय इंग्रजीत फसते. तेथे ते सहसा कर्त्यानंतर लगेच येते. शब्दाचा अर्थ पाहून जात ठरवू नका, त्याचे वाक्यातील काम पाहा. ‘द फार्मर्स वॉटर द केन’ (शेतकरी उसाला पाणी देतात) या वाक्यात ‘वॉटर’ क्रियापद आहे, तर ‘द केन नीड्स वॉटर’ मध्ये ते नाम आहे. खात्रीसाठी वाक्य कालचे करा: पहिल्यात ‘वॉटर्ड’ होते, दुसऱ्यात ‘नीडेड’ होते आणि ‘वॉटर’ जसेच्या तसे राहते. काळाबरोबर जो शब्द बदलतो, तोच मुख्य वाक्याचे क्रियापद.

कोल्हापुरातील माझे बहुतेक विद्यार्थी अडखळतात ते ‘इंग’ लागलेल्या शब्दापाशी. ‘द वूमन सेलिंग भडंग निअर रंकाळा नोज माय मदर’ (रंकाळा तलावाजवळ भडंग विकणारी बाई माझ्या आईला ओळखते) या वाक्यात ते ‘सेलिंग’वर बोट ठेवतात. वाक्य भूतकाळात नेले की ‘नोज’चे ‘न्यू’ होते, ‘सेलिंग’ मात्र हलत नाही, कारण ते त्या बाईचे वर्णन करते. मला हीच कसोटी सर्वांत विश्वासाची वाटते.

याच वाक्यातील ‘निअर’ही पाहा. आपले शब्दयोगी अव्यय ‘रंकाळ्याजवळ’ असे नामामागे जोडले जाते. इंग्रजीत ते नामाच्या आधी, सुटे येते. क्रियापद सापडल्यावर ‘कोण’ आणि ‘काय’ विचारा, म्हणजे कर्ता आणि कर्म मिळतील. विशेषणे त्यानंतर शोधा.