घाट चढताना इंजिनातून खडखड

प्रश्न : नाशिकहून मुंबईला नेहमी जातो. परतताना कसारा घाटात चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. पेट्रोल गाडी आहे. सपाटीवर काही नाही.

उत्तर : हे बहुधा नॉकिंग आहे. पुढच्या वेळी तिसरा गिअर टाका. आवाज लगेच थांबला, तर शंका जवळजवळ पक्की. कमी आरपीएमवर जास्त भार आला, की सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप पेटतं. ते चालू दिलं तर पिस्टन खराब होतो, म्हणून कृपया दुर्लक्ष करू नका.

आधी कूलंट पाहा, इंजिन थंड असतानाच. मग स्पार्क प्लग काढा. टोकाची चिनीमाती पांढरीफटक आणि फोड आल्यासारखी दिसली, तर ज्वलन फार गरम होतंय : प्लगचा नंबर चुकीचा असेल किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल. प्लगच्या टोकाची फट (गॅप) मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. काजळी साचली असेल तर कार्बन साफ करून घ्या.

गिअर बदलूनही पत्र्यासारखी थरथर राहिली, तर सायलेन्सरवरचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) सैल असेल. थंड असताना हाताने ठोकून बघा. आवाज खोल, ‘ठक-ठक’ असेल तर गाडी थांबवा आणि ऑइल तपासा. असा आवाज इंजिनातलं बेअरिंग झिजल्याचा असू शकतो; ती शंका असताना गाडी टो करूनच न्या.