पुण्यातल्या नवले पुलाजवळ अपघात झाला की १०८ ला फोन करूनही रुग्णवाहिका उशिरा का येते?

अंतरापेक्षा पत्त्यातला संदिग्धपणा हेच पुष्कळदा विलंबाचे कारण असते. १०८ ही राज्यव्यापी सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिचे नियंत्रण केंद्र पुण्यातच असले, तरी फोन राज्यभरातून येत असल्यामुळे "नवले पुलाजवळ" एवढ्याने समोरच्याला नेमकी जागा उमगत नाही. मुख्य महामार्ग की सेवा रस्ता, पुलावर की पुलाखाली, कात्रजकडून येणारी बाजू की तिकडे जाणारी, हे सांगितले नाही, तर गाडी दुभाजकाच्या पलीकडे पोहोचते आणि तिथून अपघातस्थळ डोळ्यांना दिसत असूनही तिला पुढे जाऊन वळसा घालून यावे लागते. मी स्वतः एकदा दुभाजकापलीकडचा तो निळा दिवा हताशपणे पाहत उभा होतो; चूक माझ्याच सांगण्यात होती.

उरलेला वेळ कोंडीत जातो. वाट न देणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण ऐन गर्दीत सरकायलाच जागा नसते (दुचाकीस्वारांना मात्र ती नेमकी रुग्णवाहिकेच्या मागेच सापडते). म्हणून फोन चालू ठेवावा आणि एकाला रस्त्याच्या कडेला हात दाखवायला उभे करावे. पोलिसांच्या चौकशीची धास्ती नको, कारण कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यास संरक्षण आहे.