मुलीला चौकशी आयोगावर काम करायचंय!

सोलापूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या लॉच्या चौथ्या वर्षाला. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या ९/११ आयोगावर कॉलेजात प्रोजेक्ट केल्यापासून ‘मला असंच काम करायचंय’ म्हणते. वडील म्हणतात, जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची परीक्षा) दे, न्यायाधीश हो. ‘असल्या आयोगात करिअर होतं का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार. करिअर होत नाही. त्या आयोगासाठी ना जाहिरात निघाली, ना परीक्षा झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये कायदा करून तो नेमला, जुलै २००४ मध्ये त्याने अहवाल दिला आणि पुढच्याच महिन्यात गाशा गुंडाळला. सदस्य दहा, पाच रिपब्लिकन आणि पाच डेमोक्रॅट. नेमणारे राष्ट्राध्यक्ष आणि संसदेतले पक्षनेते. म्हणजे वशिला नसेल, पण ओळख लागतेच. मुलीला हे सांगून ठेवा.

मात्र त्या दहांत निम्म्याहून जास्त वकील होते. त्यातले रिचर्ड बेन-व्हेनिस्टी तिशीतच, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणात सरकारी वकील होते. ८ एप्रिल २००४ ला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस शपथेवर साक्षीला बसल्या. बेन-व्हेनिस्टींनी विचारलं, ६ ऑगस्ट २००१ च्या गुप्तवार्ता टिपणाचं शीर्षक आठवतं का? टिपण तेव्हा गोपनीय होतं. राइसबाईंनी शीर्षक सांगितलं: बिन लादेनचा अमेरिकेतच हल्ला करण्याचा निर्धार, अशा अर्थाचं. दोन दिवसांत व्हाइट हाउसने ते टिपण खुलं केलं. आपल्या सेशन्स कोर्टातला मुरलेला वकील उलटतपासणीत दुसरं काय करतो? कागद आधी वाचून ठेवतो आणि त्यातला मजकूर साक्षीदाराच्या तोंडून वदवून घेतो.

बाकी काम कंटाळवाणंच. २५ लाखांहून अधिक पानं, १,२०० हून अधिक मुलाखती. त्यातला बराचसा भार ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशा कर्मचाऱ्यांनी उचलला. शिवाय अंगावरही येतं. जेमी गोरेलिक या वकीलबाई आयोगावर असताना, त्यांनी १९९५ मध्ये न्याय खात्यात लिहिलेलं टिपण त्या खात्याच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, म्हणजे अॅटर्नी जनरलनी, जाहीर सुनावणीत पुढे केलं. राजीनाम्याची मागणी झाली, पण त्या राहिल्या. शेवटी अहवालावर दहाही जणांचं एकमत झालं.

आपल्याकडे कारगिल आढावा समितीत चार सदस्य होते, त्यात वकिली करणारा एकही नव्हता. २६/११ नंतरच्या प्रधान समितीत एक माजी आयएएस, एक माजी आयपीएस. वकिलाला काम मिळतं ते १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालच्या आयोगांपुढे, आणि तिथेही फौजदारी कोर्टात घासलेला माणूसच लागतो.

आता तुमच्या वादाचं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. तेव्हा जेएमएफसी असो की तिचं स्वप्न, वाट आधी कोर्टातूनच जाते. ज्युनियर म्हणून सुरुवातीला पेट्रोलपुरतेही सुटतील असं नाही, तेवढी तजवीज तुम्ही करा.

आणि या सुट्टीत ती घरी आली की ओळखीच्या एखाद्या फौजदारी वकिलांकडे दोषारोपपत्र वाचायला बसवा. चारशे पानांचं मिळालं तर उत्तम.