केनिया राहू दे, आधी खाडीवर ये

पक्षी बघायला केनिया, कोस्टारिका गाठायचंय म्हणतोस, जरूर जा. पण आधी एक हिवाळा आपल्या खाडीकाठी काढ. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठचे कुरव, म्हणजे सीगल, इथे येतात. चिखल्या आणि तुतवार हे छोटे किनारपक्षी तर चिखलात शेकड्यांनी चरत असतात.

वेळ मात्र घड्याळावर नको, तिथीवर ठरव. आपल्याकडची जुनी रीत: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास. तू आठ-साडेआठला जाऊन एका जागी बसून राहा. पाणी चढेल तसे पक्षी आपसूक तुझ्याकडे सरकतील. मी पहिलं वर्षभर ऐन ओहोटीला गेलो आणि लांबवरचे ठिपके मोजत बसलो, वर गुडघाभर चिखल!

८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरे. कॅमेरा पहिल्या वर्षी घेऊच नकोस, तो हातात आला की बघणं संपतं.

किनाऱ्यालगतच्या उंच सुरूवर काटक्यांचा ढीग दिसला तर तो समुद्री गरुडाचा असू शकतो. लांबूनच बघ. पावसाळ्यात कर्नाळ्याला किंवा चिपळूणकडे तिबोटी खंड्या येतो, ओढ्याकाठच्या मातीत बीळ करतो. चिमणीएवढा जीव, पण रंग बघशील तर! त्या बिळासमोर मोबाईल धरून उभं राहायचं नाही, आणि रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलवायचं तर मुळीच नाही. असं करणाऱ्यांबरोबर मी जात नाही.