थंडी सरताना परसबाग: पेरणीची घाई, गार माती आणि तुमचे प्रश्न

थंडी ओसरू लागली की परसबागेबद्दलचे प्रश्न एकदम वाढतात. भेंडी उगवली नाही, टोमॅटोची रोपे आडवी पडली, पाने जांभळी झाली, पालकाला दांडा आला. तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण बहुतेकांचे मूळ एकच आहे: दुपारचे ऊन तापू लागले म्हणून आपण पेरतो आणि माती मात्र अजून गारच असते. म्हणून उत्तरे एकत्र देत आहे.

भेंडी आणि काकडी पेरून दोन आठवडे झाले, एकही कोंब नाही. बी खराब निघाले का?

लगेच बियाण्याला दोष देऊ नका. दोन-चार बिया उकरून काढा आणि बोटांत दाबून पाहा. बी टणक असेल तर ते बहुधा जिवंत आहे, थांबून राहिले आहे. दाबल्यावर पिचपिचीत लागले, वास आला, तर ते कुजले. गार आणि ओल्या मातीत बी जितके जास्त दिवस पडून राहते, तितका कुजण्याचा धोका वाढतो.

हवा दोन-तीन दिवसांत तापते, जमिनीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे आपल्या अंगाला काय वाटते त्यावर पेरणी ठरवू नये. साधा तापमापक मातीत 5 सेंटीमीटर खोल खोचा आणि सकाळी 8 ते 9 च्या सुमारास आकडा पाहा. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, तीन-चार दिवस सलग पाहा. माती 15 अंश सेल्सिअसला असेल तर भेंडी उगवायला जवळपास 27 दिवस घेते. 20 अंशाला सुमारे 17 आणि 30 अंशाला फक्त 7 दिवस पुरतात. काकडी 15 अंशाला 13 दिवस घेते, 25 अंशाला चारच. टोमॅटोचे बी 10 अंशाला जवळपास दीड महिना खाऊन टाकते आणि 25 अंशाला सहाव्या दिवशी वर येते. म्हणजे आज गार मातीत पेरलेली भेंडी आणि दोन आठवड्यांनी उबदार मातीत पेरलेली भेंडी जवळजवळ एकाच दिवशी उगवते, आणि मागाहून पेरलेलीचे कोंब जास्त जोमदार असतात. थांबण्यात तुमचे काहीही जात नाही.

भेंडी, काकडी, दोडका, कारले, भोपळा, घेवडा यांच्यासाठी सकाळचे तापमान 18 अंशांच्या पुढे टिकू द्या, मगच बी टाका. भेंडीचे बी रात्रभर आणि कारल्याचे 24 तास पाण्यात भिजवले तर कठीण साल मऊ पडते. घाईच असेल तर वेलभाज्या कागदी पेल्यांत, घरातल्या उबदार जागी उगवून घ्या. दोन खरी पाने (बीजदलांच्या जोडीनंतर येणारी) आली की मातीच्या गोळ्यासकट वाफ्यात लावा. या वेलांची मुळे दुखावलेली चालत नाहीत, म्हणून रोप पेल्यातून उपटून काढू नका.

मग तोवर वाफा रिकामा ठेवायचा का?

मुळीच नाही. वाटाणा, पालक, मेथी, मुळा, गाजर, बीट, लेट्यूस ही सगळी गार मातीची पिके आहेत. पालक 10 अंशाला 12 दिवसांत उगवतो आणि 35 अंशाला उगवतच नाही. वाटाणाही 10 अंशाला दोन आठवड्यांत वर येतो. या भाज्यांना उशीर बाधतो, भेंडीला घाई बाधते. एकाच दिवशी सगळी पाकिटे फोडून सगळे पेरायची सवय मात्र सोडायला हवी.

माती लवकर उबदार व्हावी असे वाटत असेल तर गादीवाफा करा. 15 ते 20 सेंटीमीटर उंच वाफ्यातून जादा पाणी निचरून जाते, आणि ओल कमी असलेली माती लवकर तापते. हिवाळाभर घातलेले पेंढ्याचे किंवा पाल्याचे जाड आच्छादन या दिवसांत बाजूला सारा. पुढे उन्हात हेच आच्छादन ओल धरून ठेवते, पण आत्ता ते ऊन अडवून माती गार ठेवते. रोपे वीतभर झाली आणि माती तापली की परत पसरा.

खणण्याआधी वाफसा पाहा, म्हणजे माती खणण्याइतपत सुकली आहे का ते. मूठभर माती घट्ट दाबून गोळा करा आणि बोटाने टिचकी मारा. गोळा फुटला तर कुदळ चालवा. तसाच चिकटून राहिला तर दोन दिवस थांबा. ओल्या मातीत खणले की ढेकळे वाळून दगडासारखी होतात आणि पूर्ण हंगाम मुळांना हवा मिळत नाही. चिकण माती असेल तर हे जास्तच सांभाळा.

टोमॅटो-मिरचीची रोपे उगवली, पण बुडाशी बारीक होऊन आडवी पडत आहेत.

ही रोपमर आहे. मातीतल्या पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी आणि बुरशीसदृश रोगकारकांमुळे ती होते आणि गार, सतत ओल्या, दाट पेरलेल्या ट्रेमध्ये झपाट्याने पसरते. पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही, त्याचा नाद सोडा. आजूबाजूच्या मातीसकट ते काढून टाका आणि उरलेल्यांना मोकळी हवा आणि ऊन द्या. पाणी फक्त सकाळी, वरची माती सुकल्यावरच. संध्याकाळी झारीने शिंपडण्याची सवय इथे फार नुकसान करते. पुढच्या वेळी बी विरळ टाका आणि पेरण्यापूर्वी बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा. मात्रा किलोभर बियाण्याला 4 ते 5 ग्रॅम आहे, म्हणजे घरच्या पुडीला चिमूटभर पुरते.

रोपे उंच, पांढुरकी, लवचीक झाली असतील तर त्यांना उजेड कमी पडतो आहे. खत घालून ती सावरणार नाहीत.

वाफ्यात लावण्यापूर्वी 7 ते 10 दिवस रोपांना बाहेरची सवय लावा: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग हळूहळू उन्हात, शेवटी रात्रभर बाहेर. ही पायरी गाळली की चांगली रोपे दोन दिवसांत भाजल्यासारखी दिसतात. रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली जात असेल तोवर टोमॅटो बाहेर लावू नका. जिथे पहाटे पारा शून्याजवळ येतो तिथे हे अधिकच कटाक्षाने पाळा.

टोमॅटोची पाने खालून जांभळी झाली आहेत. कोणते खत घालू?

बहुधा कोणतेही नाही. जांभळी झाक स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेची असते हे खरे, पण या दिवसांत मातीत स्फुरद असूनही गार मुळांना ते उचलता येत नाही. नत्राचेही (नायट्रोजनचेही) तसेच आहे. सेंद्रिय खत कुजवणारे जिवाणू थंडीत मंदावतात, म्हणून पाने थोडी फिकी दिसतात. आठवडाभर ऊब मिळू द्या. नवी पाने हिरवी आली तर प्रश्न मिटला. त्याआधी घाबरून युरिया टाकला, तर ऊब येताच रोप नुसते पालेदार होते आणि त्या लुसलुशीत पाल्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) हमखास येतो.

लागवडीच्या वेळी चौरस मीटरला 2 ते 3 किलो पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट घरच्या बागेला पुरते. ताजे शेण नको. त्याने कोवळी मुळे जळतात आणि गाजर-मुळ्याला फाटे फुटतात.

पालक आणि कोथिंबीर एवढ्यातच फुलोऱ्यावर आली.

दिवस मोठा होऊ लागला आणि उष्मा वाढला की पालकाला दांडा येतोच. कोथिंबिरीचेही तेच. दांडा खुडला तर थोडे दिवस मिळतात, जास्त नाही. पालक काढून घ्या आणि ती जागा घेवड्याला किंवा भेंडीला द्या. कोथिंबिरीची दोन-तीन झाडे मात्र फुलू द्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या बारीक फुलांवर सिरफिड माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. लेडीबर्ड भुंगेही तिथे दिसू लागतात.

तरीही मावा वाढला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा. नाहीच हटला तर 5 टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून घ्या आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. घरची पानभाजी आपण आठवड्यातून दोनदा खुडतो. तिच्यावर रासायनिक कीटकनाशक मी सुचवणार नाही.

कुंड्यांमध्ये हेच नियम लागू होतात का?

कुंडी लवकर तापते आणि रात्री तितक्याच लवकर गार होते. भिंतीलगत, ऊन येणाऱ्या बाजूला ठेवा. कडक थंडीची रात्र असेल तर आत घ्या.

काकडीच्या वेलाला फुले येतात आणि गळून जातात.

पहिली फुले बहुधा नर असतात, ती गळणारच. मागे इवलीशी काकडी असलेली फुले दिसली की ती मादी. तीही गळत असतील आणि मधमाश्या दिसत नसतील, तर सकाळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा.

पुढचा प्रश्न पाठवताना पेरणीची तारीख, सकाळचे मातीचे तापमान आणि पाणी कधी देता हे तीन तपशील अवश्य लिहा. त्यावरून नेमके उत्तर देता येते.