खुंटीवरची दुसरी किल्ली

प्रिय दोस्ता,

खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत कसं लपवायचं, असं तू विचारलंस. पाठवलेलं प्रकरण दोनदा वाचलं. लपवण्यात तू पटाईत आहेस. इतका, की अकराव्या पानापर्यंत काळजी नेमकी कुणाची करायची तेच मला कळेना.

थरारपटांचा बादशहा दिग्दर्शक हिचकॉकने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोला मुलाखत देताना एक हिशेब मांडला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकांना पत्ता नसताना फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का. आधी सांगून ठेवलं, तर टेबलावरच्या त्याच फुटकळ गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात.

आता तुझी नायिका बघ. दार उघडते आणि 'तिच्या अंगावर सर्रकन काटा येतो'. का, ते तू राखून ठेवलंयस. त्यापेक्षा ती किल्ली अडकवायला हात वर करते, तर खुंटीवर तिचीच दुसरी किल्ली, गेल्या आठवड्यात हरवलेली. काटा माझा मला येईल. अजून पुढे जा: ती किल्ली फक्त वाचकाला दिसू दे. नायिका फोनवर बोलत, न बघताच, तिच्यावर आपली अडकवते आणि आत जाते. आता ती नुसती केस विंचरत बसली तरी मी पुस्तक खाली ठेवणार नाही.

धागेदोरेही उघड्यावरच ठेव. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेला दहा नियम घालून दिले. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे, हा त्यातला एक. बाकीचे काही आज हसू आणतात, हा टिकला. मी कामाची वस्तू पाच किरकोळ वस्तूंत तिसरी टाकतो आणि लगेच कुणाचं तरी भांडण लावून देतो.

अभ्यासाचं म्हणशील, तर माझ्या पहिल्या कादंबरीत तासाभरापूर्वीचं प्रेत लाकडासारखं ताठ होतं. एका डॉक्टर वाचकाने कान धरला: ताठरपणा साधारण दोन-तीन तासांनी पापण्या-जबड्यापासून जाणवू लागतो, पूर्ण शरीर ताठायला बारा तासांच्या आसपास जातात, उष्णतेत कमी. लाज वाटलीच, पण हळहळ जास्त वाटली. 'जबडा घट्ट, बोटं अजून सैल' एवढ्यात मृत्यूची वेळ सांगून झाली असती.

रोज किती शब्द लिहावेत? होतील तेवढे.

प्रकरण पुन्हा लिहून पाठव. आणि ती किल्ली खुंटीवर कुणी आणून ठेवली ते आधी ठरव. सुचवली मी खरी, पण मलाही ठाऊक नाही.